एनक्लेक्स-पीएनची तयारी करताना या चुका टाळा

मी अमेरिकेत एलपीएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेच्या (आरएनच्या) हाताखाली काम करणारी परवानाधारक परिचारिका, म्हणून काम करते. महाराष्ट्रातून जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून आलेल्या आणि एखाद्या राज्याकडून एनक्लेक्स-पीएन ही एलपीएनच्या परवान्याची परीक्षा देण्याची परवानगी मिळालेल्या मुलींना मी सुट्टीच्या दिवशी अभ्यासाला बसवते. ज्ञान कमी पडले म्हणून नापास झालेल्या मुली मी फार थोड्या पाहिल्या आहेत. बहुतेक जणींचे नुकसान ठरावीक तीन-चार चुकांनी होते, आणि त्या वेळीच सांगणारे कोणी भेटले नाही याचे मला वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे परीक्षा कोणत्या पदासाठी आहे हे विसरून उत्तर देणे. आपल्याकडे आयसीयूत नऊ वर्षे काढलेल्या एक ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्या एकदा नापास झालेल्या होत्या. मी त्यांच्यासमोर एक सराव प्रश्न ठेवला. चार रुग्ण होते: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकताच वॉर्डात आणलेला, मधुमेहाचे निदान आजच झालेला आणि इन्सुलिन घ्यायला प्रथमच शिकणार असलेला, रक्त चढवणे नुकतेच सुरू झालेला, आणि पायाच्या जुन्या जखमेचे ड्रेसिंग बदलायचे असलेला, प्रकृती स्थिर असलेला चौथा. यांपैकी एलपीएनकडे कोणाला सोपवावे, एवढेच विचारले होते. ताईंनी क्षणाचाही विचार न करता पहिला रुग्ण निवडला. "अहो, ड्रेसिंग काय, कोणीही करील. मी आयुष्यभर पोस्ट-ऑपचेच पेशंट सांभाळले," असे त्या म्हणाल्या, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु या परीक्षेच्या चौकटीत पहिले मूल्यमापन, पहिले शिक्षण आणि अस्थिर रुग्ण ही आरएनची जबाबदारी असते. एलपीएन स्थिर रुग्णाची सेवा करते, माहिती गोळा करते, आरएनने दिलेले शिक्षण रुग्णाकडून पक्के करून घेते आणि बदल दिसताच कळवते. नापास झालेल्या उमेदवाराला विषयवार कामगिरीचा जो अहवाल मिळतो, त्यात समन्वित सेवेच्या, म्हणजे कोणते काम कोणाकडे द्यायचे यासारख्या प्रश्नांच्या, भागासमोर ताईंचा शेरा उत्तीर्णतेच्या पातळीखाली होता, आणि प्रश्नांपैकी सुमारे पाचवा हिस्सा याच भागाचा असतो.

त्यावर मी त्यांना एक वही करायला लावली. पानावर तीन रकाने आखायचे, मदतनीस, एलपीएन आणि आरएन, आणि सरावात आलेले प्रत्येक काम योग्य रकान्यात लिहायचे. स्थिर रुग्णाला अंघोळ घालणे मदतनिसाकडे, तोंडावाटे द्यायची औषधे एलपीएनकडे, नव्या रुग्णाची सेवा-योजना ठरवणे आरएनकडे. राज्याराज्यांत कामाच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात, पण परीक्षा देशभर एकच आहे, म्हणून वही परीक्षेच्या हिशेबाने भरायची. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे, माझी सवय आहे. मी स्वतः अशीच वही भरून बसले होते. ताई दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाल्या.

याच्या उलट टोकाची चूकही होते. एकदा मर्यादा कळली की काही मुली प्रत्येक प्रश्नाला "आरएनला कळवा" हेच उत्तर देऊ लागतात. रक्तातील साखर 58, म्हणजे फार कमी, आहे, रुग्ण शुद्धीवर आहे आणि त्याला नीट गिळता येते, तर आधी 15 ग्रॅम साखर पोटात जाईल एवढा फळांचा रस द्यायचा, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि कळवायचे. रस हातात असताना फोन शोधत बसायचे नसते. तसेच आपल्या वॉर्डातील गर्दी, खाटेभोवतीचे नातेवाईक आणि अपुरे साहित्य मनातून काढून टाकावे, कारण प्रश्नातल्या रुग्णालयात माणसे आणि साहित्य दोन्ही पुरेसे असते.

आता ज्या चुकीचा मला मनापासून राग येतो, ती. परीक्षेत आलेले प्रश्न म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फायली पाठ करणे. परीक्षेपूर्वी गुप्ततेचा करार मान्य करावा लागतो आणि त्याचा भंग केल्यास निकाल रद्द होऊ शकतो, हे एक. दुसरे असे की त्यांतील उत्तरे कोणी तपासलेली नसतात. महिनाभरात पाठांतरावर परवाना मिळवू पाहणारी मुलगी उद्या डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजेल, असा विश्वास मला वाटत नाही. रोज 40 प्रश्न सोडवा, पण चुकलेल्या प्रश्नाइतकेच बरोबर आलेल्या प्रश्नाचेही स्पष्टीकरण वाचा.

एप्रिल 2023 पासून "लागू असलेले सर्व पर्याय निवडा" या प्रकारात अंशतः गुण मिळतात, पण चुकीचा पर्याय निवडल्यास मिळालेला गुण वजा होतो, म्हणून सगळ्यांवर खुणा करू नयेत. औषधाच्या मात्रेच्या गणितात वजन पौंडांत आले की आधी 2.2 ने भागावे: 154 पौंड म्हणजे 70 किलो. मधल्या पायरीत आकडा पूर्णांकात आणू नये. प्रश्नांची संख्या प्रत्येकीसाठी सारखी नसते, किमान 85 असते, म्हणून ती मोजत बसू नये. 85 व्या प्रश्नाला संगणक थांबला म्हणजे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, यांपैकी काहीही असू शकते.

शेवटची चूक अभ्यासाची नाही, पण आपल्याकडील लग्न झालेल्या मुलींना ती फार महागात पडते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे जीएनएमचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने होते आणि पासपोर्ट सासरच्या आडनावाने. परीक्षेची नोंदणी तिने प्रमाणपत्र पाहून केली. केंद्रावर ओळखपत्रावरील नाव आणि परवानगीपत्रावरील नाव जुळेना, आणि सहा महिन्यांची तयारी करून आलेली ती मुलगी दारातूनच परतली. 200 डॉलर शुल्क तिला पुन्हा भरावे लागले, आणि त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून रडली. तेव्हापासून कोणी नोंदणी करणार असेल, तर मी पासपोर्ट टेबलावर उघडा ठेवायला सांगते आणि नाव व आडनाव एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेते. नोंदणी आधीच झाली असेल आणि फरक दिसला, तर परीक्षेच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दुरुस्तीसाठी संपर्क साधावा.