क्यू आला, यू नाही: स्क्रॅबलच्या नवख्यांसाठी

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ. माझ्या पहिल्याच स्पर्धेत समोर सातवी-आठवीतला मुलगा बसला होता. त्याने ‘जे-ओ’ लावले आणि मला हसूच आले. असला कुठे शब्द असतो? लगेच चॅलेंज केले, म्हणजे शब्द खोटा आहे असा आक्षेप घेतला. ‘जो’ म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत प्रिय व्यक्ती, आणि शब्द मान्य शब्दांच्या यादीत होता. माझे पाच गुण दंडात गेले. मग मी एवढी बिचकले की उरलेल्या डावात त्याच्या एकाही शब्दावर बोट ठेवले नाही. त्यातले दोन चक्क खोटे होते, हे घरी येऊन यादी उघडल्यावर कळले.

मी मराठी माध्यमातली. आधी इंग्रजी सुधारू, मग स्क्रॅबल खेळू, असे म्हणत दोन वर्षे घालवली. ती चूक तुम्ही करू नका. पटावर उपयोगी पडणारे शब्द कादंबऱ्यांत फारसे भेटतच नाहीत.

सुरुवात दोन अक्षरी शब्दांपासून करा. आपल्याकडच्या स्पर्धांत कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाची यादी चालते आणि तिच्यात असे १२७ शब्द आहेत. मी ते कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवले होते. फोडणीचे डाग पडेपर्यंत पाठ झाले. ‘ए-ए’ म्हणजे खडबडीत लाव्हा, ‘ए-आय’ म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, ‘झेड-ओ’ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. सगळ्यांत कामाचा ‘क्यू-आय’, चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. क्यूचे १० गुण. तो तिप्पट-अक्षराच्या, म्हणजे अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात असा ठेवा की आडवाही ‘क्यू-आय’ होईल आणि खाली आधीच असलेल्या आयमुळे उभाही. ३१ आणि ३१, एकूण ६२ गुण, तेही दोनच टाइल्स वापरून! हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तीनदा बेरीज केली.

क्यूला यू लागतोच, हे शाळेत शिकलेले विसरा. यूशिवायचे क्यूचे कितीतरी शब्द अरबी-फारसीच्या वाटेने इंग्रजीत गेलेत आणि ते आपल्या कानांवरून रोज जातात: फकीर, तलाक, वक्फ, बुरखा, नकाब. या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये क्यू आहे, यू जोडून नाही. कव्वाली तर सात अक्षरी; हातातल्या सातही टाइल्स एकदम लावल्याचे ५० गुण वर मिळतात. मला काही ती अजून जुळलेली नाही.

मग स्वयंपाकघरात या. डाळ ‘डी-ए-एल’ चालते, मध्ये एच घालूनही चालते. तूप ‘जी-एच-आय’. रोटी, पुरी, इडली, डोसा, सगळे आहे. ज्वारी ‘जोवार’ म्हणून १५ गुणांची, बाजरी ‘बाजरा’ म्हणून १४ची. आठ गुणांचा जे हातात अडकला की ही भाकरीची धान्ये सोडवतात. फक्त स्पेलिंग आपल्या मनाने करू नका. आणि ‘पी-ए-व्ही’ आहे म्हणून खूश होऊ नका, तो आपला पाव नव्हे, पावलोवा नावाच्या गोड पदार्थाचे लघुरूप आहे. गुण मिळाल्याशी मतलब, म्हणा.

लांब शब्दांसाठी आर-ई-टी-आय-एन-ए ही सहा अक्षरे हातात जमवत राहा. त्यात एस आला की ‘रिटेन्स’, ‘नॅस्टिअर’, ‘स्टेनर’ असे बरेच पर्याय निघतात. एस चारच असतात, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या कोऱ्या टाइल्स दोनच. पाच-सात जास्तीच्या गुणांसाठी त्या उधळू नका.

अर्थ पाठ करायचे का? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेते झाले, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. म्हणजे अर्थावाचून अडत नाही. मी तरी अर्थ लिहून ठेवते. माझ्या डोक्यात नुसती अक्षरे टिकत नाहीत, याक टिकतो.

इंग्रजीत मराठीतून गेलेला ‘मुंगूस’ लावायची मात्र माझी फार इच्छा आहे. ‘मंगूज’, आठ अक्षरे. गेल्या महिन्यात हातात नेमकी ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई आली, पटावर एम मोकळा होता. माझी पाळी यायच्या आत समोरच्या काकूंनी त्या एमला वाय चिकटवून ‘माय’ केले.