पावसाचे पाणी भरलेला पाया आम्ही कसा सावरला

पत्नी आणि मी आमच्या घराचा पाया स्वतःच बांधत असताना, काँक्रीट ओतण्याच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि खोदलेले चर पाण्याने भरले. पंपाने पाणी उपसल्यावर तळ वरून ठीक दिसत होता. पण पहार टेकवताच ती सहज वीतभर आत जात होती, म्हणजे माती भिजून मऊ पडली होती. अशा गाळावर पाया घातल्यास तो असमान खचतो आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात, म्हणून पहारीचा आवाज खणखणीत येईपर्यंत आम्ही गाळ फावड्याने खरवडून काढला. वाढलेली खोली मातीने भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण सुटी माती हाताने कितीही ठोकली तरी मूळ जमिनीइतकी घट्ट बसत नाही. आम्ही तिथे १:४:८ प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरले.

पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून तपासली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते, त्यामुळे पत्नी प्रत्येक वेळी आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान उंचीवर असल्याची खात्री करून घेत असे. तिचा हा काटेकोरपणा फार मोलाचा ठरला. आखणीच्या हललेल्या खुंट्या ३-४-५ च्या मापाने (दोन बाजू ३ आणि ४, तर तिरके अंतर ५) काटकोनात आणून चौकोनाचे दोन्ही कर्ण जुळवले, सळयांखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळया तळापासून उचलून धरणारे ठोकळे) ठेवले आणि पुन्हा पाणी शिरू नये म्हणून चरांच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घातल्यावरच काँक्रीट ओतले.