रोममध्ये जेवायला बसताना: ऑर्डर, शाकाहार आणि बिल

रोममधलं जेवण फसतं ते बहुधा टेबलावर बसण्याआधीच. नवोना चौक, पँथिऑन, त्रेवीचं कारंजं यांच्या अगदी तोंडावर काही रेस्टॉरंटं आहेत. दाराशी उभा असलेला माणूस हाका मारतो, मेनूवर प्रत्येक पदार्थाचा फोटो असतो आणि दुपारी चार वाजताही पास्ता मिळतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की सरळ पुढे चालू लागा. दोन-तीन गल्ल्या आत शिरलात, किंवा तेस्ताच्चोसारख्या वस्तीत गेलात, तर तेवढ्याच पैशांत कितीतरी चांगलं जेवण मिळतं.

त्रात्तोरिया म्हणजे घरगुती वळणाची खाणावळ. तिचं स्वयंपाकघर दुपारी साधारण साडेबारा ते अडीच-तीन आणि संध्याकाळी साडेसातनंतर चालतं, मधल्या वेळात बंद. रोमचे लोक रात्री साडेआठ-नऊला जेवायला येतात, त्यामुळे साडेसातचं टेबल सहज मिळतं आणि वाढणाऱ्यालाही तुमच्याशी बोलायला सवड असते. आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवा. रविवारची दुपार ही तिथल्या कुटुंबांची जेवायची वेळ, तेव्हा ते आणखी आधी करा. आठजणांच्या वर मंडळी असतील तर आयत्या वेळी जागा मिळेल ही आशा धरू नका. 15 ऑगस्टच्या आसपास अनेक ठिकाणं दोन-तीन आठवडे बंद असतात. त्या दिवसांत जाणार असाल तर चालू आहे का हे आधी विचारा.

मुलांना सहा वाजताच भूक लागली तर वजनावर विकला जाणारा चौकोनी पिझ्झा घ्या. केवढा तुकडा हवा ते हाताने दाखवायचं, दुकानदार कापून तोलतो आणि गरम करून देतो. एका माणसाला 200 ते 250 ग्रॅम पुरतो. तिथेच मिळणारे सुप्ली, म्हणजे भाताचे तळलेले लांबट गोळे, शाकाहारी समजून घेऊ नका. नेहमीच्या सुप्लीत मांसाचा रस्सा असतो.

क्रम कसा असतो

मेनूचे पाच भाग असतात: सुरुवातीचं आंतिपास्तो, मग प्रीमो (पास्ता, न्योक्की, सूप), सेकोन्दो (मांस किंवा मासे), त्याच्या जोडीचं कोन्तोर्नो (भाजी, सॅलड) आणि शेवटी दोल्चे (गोड पदार्थ). पाचही मागवायचे असं कुठेही नाही. एका माणसाला प्रीमो आणि एक भाजी पुरते. भूक मोठी असेल तर दोघांत एक आंतिपास्तो घ्या. सेकोन्दो मागवलंत तर ताटात फक्त मांस येतं. भाजी किंवा बटाटे वेगळे मागवावे लागतात आणि त्यांचे पैसेही वेगळे लागतात. इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास गडबड होते.

आपल्याला सगळे पदार्थ मध्ये ठेवून वाटून खायची सवय. आंतिपास्तो आणि भाजीच्या बाबतीत ते मजेत चालतं, पण पास्ता प्रत्येकाच्या ताटात वेगळा येतो आणि तो लगेच खायचा असतो. काचो ए पेपेचंच बघा. पेकोरिनो रोमानो चीज, मिरी आणि पास्ता उकडलेलं पिठूळ पाणी, एवढ्यावरच तो सॉस उभा असतो. साय नाही, लोणी नाही. पाणी फार गरम असेल तर चीजच्या गाठी होतात, आणि नीट जमलेला सॉसही दोन-तीन मिनिटांत गार होऊन घट्ट बसतो. म्हणून फोटोसाठी आणि बाकीच्यांच्या ताटांसाठी थांबू नका; ज्याचं ताट आलं त्याने सुरू करावं. ताटात तळाशी पांढऱ्या गाठी आणि वर पाणी दिसलं, तर तो बिघडलेला आहे.

पास्ता चावताना मध्ये किंचित कडक लागतो, तो कच्चा राहिलेला नसतो. तुम्हाला अजिबातच आवडत नसेल तर ऑर्डर देतानाच ‘बेन कोत्ता’ म्हणा. पेकोरिनो आणि ग्वान्चाले (डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस) दोन्ही खारट असतात, तेव्हा चव घेतल्याशिवाय मीठ मागू नका. माशांच्या पास्त्यावर चीज टाकत नाहीत.

शाकाहारी असाल तर

रोमचे चार नावाजलेले पास्ते म्हणजे काचो ए पेपे, ग्रीचा, आमात्रिचाना आणि कार्बोनारा. यातल्या शेवटच्या तिन्हींत ग्वान्चाले असतंच. आमात्रिचाना टोमॅटोची आहे म्हणून फसू नका. ‘ग्वान्चाले काढून द्या’ असं सांगण्यातही अर्थ नाही, कारण सगळा सॉस त्याच्या सुटलेल्या चरबीवरच केलेला असतो.

‘सोनो वेजेतारियानो’ (बाई असेल तर ‘वेजेतारियाना’) एवढं म्हणून थांबू नका. पुढे जोडा: ‘निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको. हे शेवटचं फार महत्त्वाचं. रिसोत्तो आणि सूप पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजतात आणि मेनूवर ते लिहिलेलं नसतं.

मासा सर्वांत जास्त लपतो तो अँचोव्हीच्या रूपात. भोपळ्याच्या फुलांची भजी (फिओरी दी झुक्का) दिसतात निरुपद्रवी, पण आत मोझरेल्लासोबत अँचोव्ही भरलेली असते. पुन्तारेल्ले या हिवाळी सॅलडच्या लसणीच्या ड्रेसिंगमध्येही तीच वाटलेली असते. ‘सेंझा आलीची’ (अँचोव्हीशिवाय) म्हटलं की तळणीची फुलं काही ठिकाणी तिच्याशिवाय करून देतात; आधीच मिसळून ठेवलेल्या ड्रेसिंगमधून मात्र ती काढता येत नाही.

अंडं चालत नसेल तर पास्त्याचा प्रकार बघा. तोन्नारेल्ली, फेत्तुच्चीने हे ताजे पास्ते बहुतेक अंड्याचे असतात. स्पॅगेटी, रिगातोनी हे सुके पास्ते फक्त गहू आणि पाण्याचे. काचो ए पेपे बऱ्याचदा तोन्नारेल्लीवर मिळतो. तो स्पॅगेटीवर करून मागता येतो. न्योक्की बटाट्याची असली तरी त्यात अंडं असू शकतं. तिरामिसूत अंडं असतं आणि तेही बहुधा कच्चं. पान्ना कोत्तात जिलेटिन असतं. कार्बोनारातलं अंडंही पुरतं शिजलेलं नसतं, तेव्हा गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते टाळलेलं बरं.

चीजचा प्रश्न ज्याचा त्याने ठरवायचा, पण माहिती असावी: पेकोरिनो रोमानो कोकराच्या आणि पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने, विरजतात. हे चालत नसेल तर आराब्बियाता पास्ता (टोमॅटो, लसूण, सुकी मिरची) ‘सेंझा फोर्माज्जो’ (चीजशिवाय) मागा, किंवा मारिनारा पिझ्झा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज मुळातच नाही. मारिनारा हे नाव समुद्रावरून आलं असलं तरी त्यात मासा नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना काचो ए पेपे सोयीचा, कारण त्यात दोन्ही नसतात.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर 2014 पासून रेस्टॉरंटांना 14 अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. मेनूवर पदार्थांपुढे या घटकांचे आकडे नसतील तर ‘लिस्ता देल्यी आलेर्जेनी’ मागा. अंडं, मासा आणि दूध तिथे स्पष्ट कळतात. मांस त्या यादीत नसतं, ते मात्र तोंडानेच विचारावं लागतं.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास गेलात तर आर्टिचोक खाच. पूर्वीच्या ज्यू वस्तीत, पोर्तिको द’ओत्ताविया रस्त्यावर ‘कार्चोफी आल्ला जुदीया’ मिळतात: अख्खे, दोनदा तळलेले, पाकळ्या उलगडून कुरकुरीत झालेले. हाताने एकेक पाकळी मोडून देठासकट खायचे. याच भागात कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, रेस्टॉरंटं आहेत. त्यांत डुक्कर नसतंच आणि मांस-दूध कधी एकत्र होत नाही. जी कोशर रेस्टॉरंटं दुधाच्या पदार्थांची म्हणून चालतात, तिथल्या स्वयंपाकघरात मांसच नसतं. मासे असतात, तेवढं लक्षात ठेवा. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दिवसभर ती बंद असतात.

मांसाहारी असाल तर

तेस्ताच्चोत शहराचा कत्तलखाना होता, तो 1975 मध्ये बंद झाला. तिथल्या कामगारांच्या वाट्याला येणारे आतडी, शेपटी, जठर यांचे पदार्थ आजही या वस्तीची ओळख आहेत. वजडी आवडीने खाणाऱ्यांनी ‘त्रिप्पा आल्ला रोमाना’ जरूर घ्यावी: टोमॅटोत मंद शिजवलेली, वर पेकोरिनो आणि रानपुदिना. जुन्या रिवाजाप्रमाणे ती शनिवारी करतात, न्योक्की गुरुवारी आणि मासे शुक्रवारी. त्या-त्या वारी ताजा माल मिळतो.

पण ही त्रिप्पा गाईबैलाची असते. गोमांस आणि डुक्कर दोन्ही टाळायचं असेल तर ‘मान्झो’ (गोमांस), ‘वितेल्लो’ (वासरू), ‘मायाले’ (डुक्कर) हे शब्द ओळखायला शिका. साल्तिम्बोक्कात वासरू आणि प्रोशुत्तो (डुकराचं मुरवलेलं मांस) दोन्ही असतात, रागू (मांसाचा सॉस) आणि पोल्पेत्ते (मांसाचे गोळे) यांत बहुधा गोमांस असतं. निर्धास्त मागवता येईल असं म्हणजे ‘आबाक्यो आ स्कोत्तादीतो’: कोवळ्या कोकराच्या निखाऱ्यावर भाजलेल्या फासळ्या. हाताने खायच्या, गरम असतानाच.

बिल

मोठे धक्के माशांमुळे बसतात. मेनूवर माशाचा भाव ‘आल्लेत्तो’ लिहिलेला असेल तर तो 100 ग्रॅमचा भाव आहे. समजा 7 युरो लिहिलेत आणि मासा 800 ग्रॅमचा निघाला, तर एका माशाचे 56 युरो झाले. म्हणून मासा शिजायला जाण्याआधी समोर तोलून घ्या आणि एकूण किंमत विचारा. यात कोणालाही वावगं वाटत नाही. नावापुढे चांदणी असेल तर तो पदार्थ गोठवलेला आहे.

लात्सिओ प्रांतात, म्हणजे रोममध्येही, 2006 च्या प्रांतिक कायद्याने ‘कोपेर्तो’ म्हणजे नुसत्या बसण्याचे पैसे लावायला बंदी आहे. त्याऐवजी ब्रेडचे, ‘पाने’चे, माणशी एक-दोन युरो लावतात. ब्रेड नको असेल तर टोपली येताक्षणी परत द्या; हात लावल्यावर नव्हे. मिलान किंवा फ्लोरेन्सला कोपेर्तो लावतात, तिथे त्यावरून वाद घालू नका. पाणी बाटलीतलंच येतं, ‘नातुराले’ म्हणजे साधं आणि ‘फ्रिझ्झान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचं. प्यायला रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणीही उत्तम आहे, पण तिथे भरलेली आपली बाटली जेवणाच्या टेबलावर काढू नका.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं समजतात. ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ म्हणा, मोठ्या गटाला वेगवेगळी बिलं हवी असतील तर ते ऑर्डर देतानाच विचारा. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सेर्वित्सिओ’ (सेवेचे पैसे) 10 किंवा 15 टक्के लिहिलंय का ते बसल्याबसल्याच बघून घ्या. तो लावला असेल तर वेगळी टीप देऊ नका. नसेल आणि सेवा मनासारखी झाली असेल तर माणशी एखादा युरो टेबलावर ठेवला तरी पुरतो.