शेजाऱ्याच्या पत्र्याचं पाणी आपल्या भिंतीवर येत असेल तर काय करायचं

सांगलीत आमच्या शेजारच्यांनी पत्र्याचं पाणी सरळ आमच्या भिंतीवर सोडलं होतं, दोन पावसाळ्यात आतल्या खोलीचे पोपडे सुटले, हळदीची पोती खालनं बुरशी धरून काळी पडली. जीव जळतो हो. पण पहिलं काम भांडायचं नाही, पुरावा जमवायचा. पाऊस चालू असतानाच व्हिडिओ काढा, ओल कुठवर चढली तिथं खडूनं रेघ मारून तारीख लिहा, गवंड्याची बिलं जपून ठेवा. कायदा बघतो काय, तर साधारण माणसाला सहन होण्यापलीकडचा त्रास आहे का आणि घर वापरायला अडचण होते का. एखाद्या दिवशी चार थेंब उडाले म्हणून केस उभी राहत नाही.

मग वकिलामार्फत नोटीस, त्यात मुदत द्या. नाही ऐकलं तर दिवाणी कोर्टात कायम मनाईचा दावा, सोबत नुकसानभरपाई पण मागता येते. पावसाळा तोंडावर असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (CPC) ऑर्डर 39 खाली तात्पुरती मनाई मागा आणि कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज द्या, तो जागेवर येऊन भिंत बघून रिपोर्ट देतो, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

त्रास चालूच असेल तर लिमिटेशन अ‍ॅक्ट 1963 (दावा किती दिवसांत लावायचा ते ठरवणारा कायदा) च्या कलम 22 नुसार दावा लावायची मुदत नव्यानं सुरू होत राहते, पण म्हणून बसून राहू नका, 20 वर्षं उघडपणे, हक्कानं, बिनखंड पाणी सोडलं तर समोरचा वहिवाटीचा हक्क सांगू शकतो.

आमचं नोटिशीवरच मिटलं, त्यांनी पन्हाळ लावून पाणी गटारीला काढलं.