पोट्ट्यांना भुताचा सिनेमा दाखवताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात दारव्ह्याकडच्या आमच्या गावी अंगणात खाटा टाकल्या, टीव्ही ओसरीवर ओढला आणि पाच पोट्ट्यांना ‘कोरलाइन’ दाखवला. बाहुल्या किंचित किंचित हलवत, फोटो काढत केलेला २००९ चा सिनेमा. नव्या घरातल्या इवल्याशा दारापलीकडे एका मुलीला दुसरी आई भेटते. चेहरा आईचाच, स्वयंपाक आईपेक्षा चांगला, फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं. चौघे जाम खूश. सगळ्यात धाकटा पुतण्या, पाच वर्षांचा, गप्प. सकाळी वहिनीला त्याच्या शर्टाची चार बटणं चुलीच्या राखेत सापडली.

“काहून तोडले बे?”

“माह्याकडे पायत होते.”

चूक त्याची नव्हती, सिनेमाचीही नव्हती. माझी होती, आणि एक नव्हे, चार-पाच होत्या.

नायक लहान, म्हणून सिनेमा लहानांचा

ही चूक शिकलेली माणसंच जास्त करतात. ‘तुंबाड’ (२०१८) दोन लहान भावांपासून सुरू होतो. आपल्याच मुलखातला पाऊस, वाडा, म्हातारी. म्हणून लेकरं शेजारी बसवून लावतात. त्याला ‘ए’ प्रमाणपत्र आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये सायकलवरची पोरं दिसली की दुसरीतला मुलगाही समोर बसतो. अमेरिकेत ती मालिका चौदा वर्षांखालच्यांना दाखवताना जपा असं सांगितलेलं आहे, आणि २०२२ च्या चौथ्या सीझनमधली मोडणारी हाडं मला स्वतःला पाहवली नाहीत. जुन्या खुणांवर तर मुळीच जाऊ नका. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) वर अमेरिकेतलं ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या देखरेखीत मुलांनाही चालेल, असं लिहिलंय, कारण तेव्हा तेराखालच्यांसाठी जास्त जपा सांगणारी ‘पीजी-१३’ ही पायरीच नव्हती. ती १९८४ मध्ये आली.

आपल्याकडे ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून यूए ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या आहेत, आणि १३+ आणि त्यापुढच्या गोष्टींना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय त्यांनी द्यायचीच असते. घरात मोबाइल एक आणि प्रोफाइलही एकच असेल, तर हे कुलूप आजच शोधून ठेवा.

“खोटं असते ते,” म्हणून मोकळं होणं

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी टीव्ही पाहून मुलं कशाला घाबरतात यावर वर्षानुवर्षं काम केलं. लहान मुलं दिसण्याला घाबरतात, हा त्यातला एक धागा. ‘हल्क’ची मालिका पाहताना चांगला माणूस हिरवा होऊन लोकांना वाचवतो, हे मोठ्यांना कळतं, लहानांना फक्त ओळखीचा चेहरा बदललेला दिसतो. बटणांची आई नेमकी तिथेच घाव घालते. सात-आठच्या पुढच्या मुलाला “हे असं करतात, बाहुली हलवून फोटो काढतात” असं सांगितलं तर पटतं, मजाही येते. पाच वर्षांच्याला ते ऐकू येत नाही. त्याला पाणी द्या, मांडीवर घ्या, दिवा लावा. मी त्याला अर्धा तास ॲनिमेशन समजावत बसलो होतो.

कूलरच्या आवाजावर आवाज

हे कुठल्याच लेखात सापडणार नाही, कारण लिहिणाऱ्यांकडे एसी असतो. मे महिन्यात आपला कूलर इतका घोंघावतो की बोलणं ऐकू येत नाही. आपण आवाज तीसवर नेतो. या सिनेमांत कुजबुज हळू आणि दार आपटणं जोरात असतं, मग तीसवर ते दार थेट छातीत आपटतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ असेल तर लावा. नसेल तर त्या दीड तासापुरता कूलर हळू करा, घाम येऊ द्या.

भाषेचंही तसंच. इंग्रजीत लावून खाली अक्षरं ठेवली तर तिसरीतल्या पोराला ती वाचून होत नाहीत. विनोद बोलण्यात असतो, तो निसटतो. उरतं फक्त भ्यायचं तेवढं. हिंदी डब असेल तर बेशक तेच लावा. आपले पोट्टे तसेही भांडतात हिंदीतच.

लाइन जाईल हे विसरणं

भूत अर्ध्यावर असताना लाइन गेली, तर लेकरू ते अर्धं भूत घेऊन अंधारात झोपायला जातं. डाउनलोड करून ठेवा, दिवसा लावा, आणि तुटलाच तर शेवट तोंडी सांगून टाका. कथा फुटली तरी चालेल. दीड तासात आटपणारा सिनेमा आधी घ्या. ‘मॉन्स्टर हाउस’ (२००६) जेमतेम ९१ मिनिटांचा आहे, समोरचं घरच माणसं गिळतं आणि तीन पोरं त्याचा छडा लावतात. ‘गूजबम्प्स’च्या नव्वदीतल्या मालिकेची बरीचशी गोष्ट एका भागात संपते, मात्र शेवटी एक चिमटा काढून संपते. तो चिमटा आधी स्वतः पाहून घ्या.

दिवसाउजेडी, गलक्यात, शेवटापर्यंत: हा नियम मी कुठून आणला नाही, तो आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असतो. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघते. बटबटीत डोळ्यांचा तो पुतळा एकटा, अंधारात पाहिला तर मोठा माणूसही दचकेल. पण खांद्यावर बसलेलं दोन वर्षांचं पोर ओरडत असतं, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” आणि शेवटी ती जळते. जळताना सगळ्यांना दिसते.

सिनेमातलं भूत गावात आणणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते सिनेमा संपल्यावर. सिनेमातल्या घरातली माळ्यावरची खोली, तळघर आपल्याकडे नसतंच. लेकरू पाहून विसरूनही जातं. मग आजोबा सुपारी कातरत म्हणतात, “आपल्या पडक्या वाड्याजवळच्या चिचेवर बी होती एक.” झालं. परदेशातली चेटकीण घरामागे राहायला आली, आणि आता पोरगं रात्री परसातल्या संडासला एकटं जात नाही. दोष पुन्हा मोबाइलला. “झोप, नाही तर बटणवाली येईन” हेही त्यातलंच. आमच्या आईनं दुसऱ्याच दिवशी सुरू केलं होतं.

असं झालंच असेल तर पोराला हिणवू नका, आठवडाभर टॉर्च घेऊन सोबत जा. भर दुपारी त्या चिंचेखाली घेऊन जा, चिंचा पाडा. आणि ‘मकडी’ (२००२) लावा, पण मूल सहा-सातचं झाल्यावर. गाव, पडकी हवेली, जुळ्या बहिणी चुन्नी-मुन्नी, एकीची कोंबडी झालेली. दोन्ही भूमिका श्वेता बसू प्रसादनं केल्या आणि बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. त्यातली चेटकीण शेवटी काय निघते ते इथे फोडतोच: लबाड बाई निघते, गाडलेल्या धनामागे लागलेली. आपल्या भागात करणी-भानामती अजून खऱ्या बायांच्या नावावर लावतात, त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला. म्हणून हा शेवट आजोबांनीही सोबत बसून पाहावा असं मला वाटतं. आमच्याकडे पाहिला. चिचेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुतण्याला दिवाळीच्या शर्टाला वहिनीनं टिचबटणं लावून दिली. ती पायत नाहीत म्हणे.