खऱ्या पानांच्या पिसाऱ्याचा टर्की

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग हा आभार मानण्याचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. त्यासाठी मुलांसोबत कार्डशीट आणि पानांचा टर्की पक्षी करायचा असेल, तर पानं निदान दहा दिवस आधी गोळा करा. मेपलची लाल-पिवळी पानं सर्वांत छान. नुकतीच गळलेली, लवचिक पानंच घ्या. कुरकुरीत झालेली हमखास तुटतात. निवडलेली पानं पुसून, वर्तमानपत्राच्या घड्यांत एकमेकांना न चिकटतील अशी ठेवा आणि वर जड पुस्तकं रचा. आठवडाभर लागतो. दुसऱ्या दिवशी कागद बदलाच, नाहीतर ओल आत राहून बुरशी धरते.

तपकिरी कार्डशीटचं 10 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे अंग. त्याच्या मागच्या बाजूला 7-8 पानं देठाकडून, अर्धवर्तुळात चिकटवा: लहान आधी, मोठी त्यांच्यामागे. पांढरा गोंद ब्रशने अगदी पातळ लावा. मुलं बाटली थेट दाबतात, मग पान ओलं होऊन मुरडतं. वर मेणकागद ठेवून तासभर पुस्तकाखाली दाबा. डोळे, नारिंगी चोच, गळ्याखाली लोंबणारी लाल लोळी शेवटी.

पानांमध्ये कागदी पिसंही खोचा. प्रत्येकावर मुलाने कुणाचे आभार मानायचे ते स्वतः लिहावं. शुद्धलेखन दुरुस्त करू नका.