नागपुरात शिकारीचा परवाना कोठे मिळतो? नवख्याने कायदा कसा समजून घ्यावा

बंदुकीचा परवाना हाती आला की शिकारीलाही मोकळीक मिळते, असा समज नागपूर जिल्ह्यातील बऱ्याच घरांत अजून टिकून आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. शस्त्र बाळगता येईल की नाही हे शस्त्र अधिनियम, 1959 ठरवतो. ते शस्त्र एखाद्या वन्यप्राण्यावर चालवता येईल की नाही हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ठरवतो. पहिल्या कायद्याखाली मिळालेला कागद दुसऱ्या कायद्यापुढे कामी येत नाही. शिकारीची हौस असलेल्या किंवा रानडुकरांनी जेरीस आणलेल्या माणसाने सर्वांत आधी हा फरक ध्यानात घ्यावा.

पहिली पायरी: शिकारीचा परवाना आज अस्तित्वातच नाही, हे मान्य करावे

1972 चा मूळ कायदा झाला तेव्हा त्यात मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा आणि प्राणी पकडण्याचा असे वेगवेगळे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. त्यामुळे आजोबांच्या पेटीत जुना परवाना सापडला, तर तो आठवण म्हणून जपून ठेवावा. त्याचे नूतनीकरण होत नाही आणि वारसाने तो कोणाच्या नावावर चढत नाही. हौसेखातर शिकारीचा परवाना काढून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजावे.

दुसरी पायरी: कायदा ‘शिकार’ कशाला म्हणतो ते पाहावे

गोळी झाडून प्राणी पाडणे एवढीच शिकार, असे आपण धरून चालतो. कायद्याची व्याख्या याहून पुष्कळ व्यापक आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासे किंवा सापळे लावणे, हाकारा करून प्राणी पुढे काढणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सर्व शिकारच आहे. पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरटी विस्कटणे हेही त्यात मोडते. म्हणून बांधावर क्लच वायरचा फास लावून घरी झोपलेला माणूस, सकाळी फास रिकामा मिळाला तरी, गुन्ह्यातून सुटत नाही. कुंपणात विजेचा जिवंत प्रवाह सोडणाऱ्याचे तर दुहेरी मरण आहे. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघही मेले आहेत आणि माणसेही. सौर कुंपण ही वेगळी वस्तू आहे. त्यात प्रवाह क्षणभराच्या झटक्यापुरता असतो आणि तो जीव घेण्यासाठी नसतो.

तिसरी पायरी: अनुसूची वाचावी

2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, संरक्षित प्राण्यांच्या दोनच अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, उरल्या आहेत. वाघ, बिबट, अस्वल, मोर, घोरपड, खवल्या मांजर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. रानडुक्कर, रोही (म्हणजे नीलगाय) आणि चितळ दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम 9 नुसार दोन्ही अनुसूचींतील प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. ‘ससा नि तितर तर चालतात ना?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांचा कारावास आहे, शिवाय दंड वेगळा. वापरलेली बंदूक आणि वाहन सरकारजमा होते. दोष सिद्ध झाल्यास न्यायालय शस्त्र परवाना रद्द करून पुढील 5 वर्षे नवा मिळू न देण्याचा आदेशही देऊ शकते. घरात वन्यप्राण्याचे मांस किंवा कातडे सापडले, तर ते कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचा भार ज्याच्या घरात सापडले त्याच्यावरच पडतो, ही गोष्ट पाहुणचाराला बसताना फारसे कोणी आठवत नाही.

जुन्या कायद्यातील ‘उपद्रवी प्राणी’ ही वेगळी अनुसूची आता नाही. तरीही कलम 62 नुसार केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतील एखादा प्राणी ठरावीक क्षेत्रात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून घोषित करू शकते. काही वर्षांपूर्वी बिहारमध्ये रोही व रानडुक्कर आणि उत्तराखंडमध्ये रानडुक्कर यांच्याबाबत असे झाले होते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘आता रानडुक्कर मारायला मोकळीक’ हे निरोप बहुधा अशाच दुसऱ्या राज्याच्या, मुदत संपलेल्या अधिसूचनांवरून उगवतात. अधिसूचना समोर आली की तीन गोष्टी पाहाव्यात: राज्य आणि जिल्हा कोणता, प्राणी कोणता, आणि मुदत कधी संपते.

चौथी पायरी: पिकाचे नुकसान होत असल्यास लेखी आदेश मागावा

कायद्यातील खरी वाट येथे आहे. कलम 11 नुसार दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी, कारणे नोंदवून, लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपूरच्या वनभवनात असले, तरी काटोल किंवा भिवापूरच्या शेतकऱ्याने त्यासाठी सिव्हिल लाइन्सला खेटे घालण्याचे कारण नाही. आपले गाव ज्या वनपरिक्षेत्रात येते, तेथील वनक्षेत्रपालाकडे अर्ज द्यावा.

अर्ज मोघम नसावा. ‘रानडुकरांचा फार त्रास आहे’ एवढ्यावर कोणताही अधिकारी सही करणार नाही आणि करूही नये. सातबारा जोडावा, गट क्रमांक लिहावा, पीक व त्याची अवस्था लिहावी, नुकसान कोणत्या रात्री आणि धुऱ्याच्या कोणत्या बाजूने झाले ते सांगावे. उकरलेली माती, मोडलेली तुरीची झाडे, ओल्या जमिनीत उमटलेले खूर यांची छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत, कारण दुसऱ्या दिवशी ओलित झाले की पुरावा पुसला जातो. अर्जाच्या प्रतीवर पोच घेण्यास विसरू नये. भरपाईचा अर्ज हा स्वतंत्र असतो. एक दिला म्हणून दुसरा दिला असे होत नाही, आणि बहुतेकांना खरी गरज भरपाईच्याच अर्जाची असते असे माझे मत आहे. वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांकही हाताशी असू द्यावा.

आदेश मिळाला, तर तो अक्षरशः वाचावा. त्यात प्राणी कोणता, क्षेत्र कोणते, मुदत किती आणि प्रत्यक्ष मारणार कोण, हे लिहिलेले असते. रानडुकराच्या आदेशावर रोही मारता येत नाही. शेजारच्या गटात शिरलेल्या प्राण्यामागे जाता येत नाही. मुदतीनंतरच्या पहिल्या रात्री झाडलेली गोळी ही विनापरवाना शिकारच ठरते. मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो, तो शेतकऱ्याचा नव्हे. त्यामुळे तो जागचा न हलवता वनकर्मचाऱ्यांना कळवावे आणि पंचनामा होऊ द्यावा. वाटे घालण्याचा विचारही करू नये.

अचानक अंगावर आलेल्या प्राण्याला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी, सद्‌हेतूने मारावे लागले, तर तो गुन्हा होत नाही. मात्र त्या वेळी तो माणूस स्वतःच या कायद्याचा भंग करीत असेल, उदाहरणार्थ फास तपासायला गेलेला असेल, तर हा बचाव त्याला मिळत नाही.

पाचवी पायरी: शस्त्र परवान्याचे नियम वेगळे समजून घ्यावेत

शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. वय 21 पूर्ण असावे लागते, पोलीस पडताळणी होते आणि परवान्याची मुदत 5 वर्षांची असते. पीक संरक्षणासाठी कायद्याने मुख्यतः ठासणीची बंदूक, म्हणजे आपल्याकडची भरमार, धरली आहे. ती पुरेशी नाही असे पटवून दिले, तर दुसऱ्या प्रकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही विचार होतो. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यास मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. पेंच, बोर, मानसिंगदेव आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्यामुळे आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ गावे या वर्तुळात येऊ शकतात, म्हणून अर्जाआधीच अंतराची खात्री करावी. शस्त्रासह अभयारण्यात शिरण्यासही लेखी परवानगी लागते, मग बंदूक गाडीच्या डिकीत असली तरीही.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल शेवटचे. 0.177 इंचापर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण तिने लावा किंवा पोपट पाडला, तर ती शिकारच असते. नेमबाजीचीच आवड असल्यास रायफल क्लबमध्ये नाव घालून कागदी लक्ष्यावर सराव करावा. तेथे शस्त्र कसे धरावे, कसे रिकामे करावे आणि कसे कुलपात ठेवावे हे शिकवणारा प्रशिक्षक समोर असतो, आणि त्यासाठी वनविभागाची परवानगी लागत नाही.